नगरपालिकेचा उपविधी न्यायालयात टिकवण्यासाठी तिचे वकील नेमके काय करतात?

बाजारपेठेतील रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका नगरपालिका क्षेत्रात, अगदी जुन्या बाजाराच्या रस्त्यावर राहतो. गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी, माटोळीचे (गणपतीवर फळे-पाने टांगून करतात त्या सजावटीचे) सामान घेऊन विक्रेते दोन्ही बाजूंना बसलेले असताना, आमच्या शेजारच्या काकांना छातीत कळ आली. १०८ ची रुग्णवाहिका बाजाराच्या तोंडाशी येऊन थांबली आणि पुढे येऊ शकली नाही. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून, नारळांच्या ढिगांतून आणि माटोळीच्या फळांच्या टोपल्यांमधून वाट काढत, रुग्णवाहिकेपर्यंत नेले. ते वाचले, पण तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतर नगरपालिकेने उपविधी, म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली आपल्या क्षेत्रापुरता नियम, केला. त्या रस्त्यावर विक्रेत्यांनी बसू नये, त्यांना बाजाराच्या मागील जागा दिली जाईल, दुकानदारांनी उंबरठ्याबाहेर माल मांडू नये आणि सकाळी ११ वाजेपर्यंत वाहने उभी करू नयेत, अशा त्यातील तरतुदी आहेत. हरकती मागवल्या गेल्या, सरकारची मंजुरी आली, राजपत्रात प्रसिद्धीही झाली. आता काही विक्रेते व दुकानदार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आहेत.

सुनावणी पाहण्यासाठी मी मुद्दाम पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, गेलो. आमचे प्रकरण पुकारले गेले, नगरपालिकेच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्रासाठी दोन आठवड्यांची मुदत मागितली, तोपर्यंत दंड वसूल करणार नाही असे सांगितले आणि चार मिनिटांत सर्व संपले. ज्या नियमासाठी आम्ही वर्षभर पाठपुरावा केला त्याच्या बाजूने एक वाक्यही बोलले गेले नाही, याचे मला फार वाईट वाटले. अशा प्रकरणात नगरपालिकेचा वकील कशाच्या आधारावर लढतो, त्याची तयारी कोण करून देते आणि माझ्यासारख्या नागरिकाला त्यात काही करता येते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

पॅनलवरील माजी वकील

आपली अस्वस्थता समजू शकतो, परंतु त्या चार मिनिटांवरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या तारखेला मुदत मागणे हे बहुतेक वेळा शहाणपणाचेच असते, कारण अर्धवट माहितीवर केलेले एखादे विधान पुढे वर्षभर गळ्यात पडते. दंड वसूल न करण्याचे आश्वासन दिल्यामुळे न्यायालयाने संपूर्ण उपविधीला स्थगिती दिली नाही, ही त्यातील जमेची बाजू आहे. वकिलाने थोडे सोडून बरेच राखले, असे मी म्हणेन.

आधी रचना स्पष्ट करतो. राज्याच्या वतीने संविधानाच्या अनुच्छेद १६५ खाली नेमलेले महाधिवक्ता आणि त्यांच्या हाताखालील सरकारी वकील उभे राहतात. नगरपालिका ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. पणजी महानगरपालिका २००२ च्या स्वतःच्या अधिनियमाखाली चालते आणि इतर नगरपालिका १९६८ च्या गोवा नगरपालिका अधिनियमाखाली. त्यामुळे नगरपालिका आपला वकील आपण नेमते, आणि लहान नगरपालिकेत तो पूर्णवेळ नोकर नसून पॅनलवरील, म्हणजे नगरपालिकेच्या ठरलेल्या यादीतील, वकील असतो, ज्याच्याकडे इतरही पक्षकारांची कामे असतात. उपविधीला सरकारने मंजुरी दिलेली असल्याने आपल्या प्रकरणात राज्यही प्रतिवादी असणार. दोघांची प्रतिज्ञापत्रे एकमेकांशी जुळली पाहिजेत, आणि ती जुळवून घेणे हे या कामातील पहिले न दिसणारे कष्ट आहेत.

याचिका हाती आली की वकील नगरपालिकेकडे परिच्छेदनिहाय अभिप्राय मागतो, म्हणजे याचिकेतील प्रत्येक परिच्छेदावर कार्यालयाचे म्हणणे आणि त्यामागील कागद. तेथेच प्रकरण जिंकले किंवा हरले जाते असे माझे अनुभवांती मत आहे. न्यायालय गृहीत धरते की कायदा वैध आहे आणि तो अवैध असल्याचे दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या रामकृष्ण दालमिया प्रकरणात हे स्पष्ट मांडले. स्थानिक संस्थांच्या उपविधींबाबत तर १८९८ चा क्रूझ विरुद्ध जॉन्सन हा इंग्लंडमधील निकाल आजही आपल्याकडे उद्धृत होतो. केंट परगण्यात कोणत्याही राहत्या घरापासून ५० यार्डांच्या आत गाण्यास, रहिवाशाने थांबण्यास सांगितल्यावर, मनाई करणारा तो उपविधी होता. लोकांनी निवडलेल्या संस्थेचा नियम न्यायाधीशाला स्वतःला पटला नाही एवढ्याने रद्द होत नाही. तो पक्षपाती, उघड अन्यायकारक, दुष्ट हेतूचा किंवा विनाकारण जाच करणारा असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हे गृहीतक नगरपालिकेच्या बाजूचे आहे, पण त्याच्या भरवशावर झोपी जाणाऱ्या वकिलाला मी हरताना पाहिले आहे.

विरुद्ध बाजू सर्वप्रथम अधिकारावर बोट ठेवते. उपविधी ज्या मूळ कायद्याखाली केला त्याने तो अधिकार दिला आहे का? येथे मला आपल्या उपविधीत एक दुबळी जागा दिसते. रस्त्यावरील अडथळा हटवणे हा नगरपालिकेचा नेहमीचा अधिकार आहे. परंतु वाहनांना मनाई करणे किंवा ती कोठे उभी राहावीत हे ठरवणे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ व ११७ खाली राज्य सरकारकडे किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाकडे आहे, आणि व्यवहारात ती अधिसूचना जिल्हाधिकाऱ्यांकडून निघते. नगरपालिकेने ते स्वतःच्या उपविधीत घातले असेल, तर चांगला वकील त्या एका तरतुदीसाठी हट्ट धरणार नाही. ती वेगळी काढता येण्यासारखी आहे, बाकीचा उपविधी तिच्याशिवाय उभा राहतो, असे तो सांगेल आणि जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना मागवण्याचा सल्ला नगरपालिकेला देईल. आपले सर्वच बरोबर असे म्हणणाऱ्या वकिलापेक्षा योग्य ठिकाणी माघार घेणाऱ्या वकिलावर खंडपीठ अधिक विश्वास ठेवते.

त्यानंतर कार्यपद्धती येते, म्हणजे हरकती मागवल्या का आणि त्यांवर खरोखर विचार झाला का. आणि शेवटी आशय. विक्रेते अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसाय-स्वातंत्र्य व अनुच्छेद १४ मधील समानता पुढे करतील. रस्त्यावर विक्री करणे हाही व्यवसायाचा मूलभूत हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सोदन सिंग प्रकरणात १९८९ मध्ये ठरले आहे. आजकाल 'वाजवी' म्हणजे काय हे प्रमाणशीरतेच्या कसोटीवर पाहतात. हेतू योग्य आहे का, उपायाचा त्या हेतूशी संबंध आहे का, कमी जाचक उपाय उपलब्ध होता का, आणि होणारा तोटा फायद्याच्या मानाने अवाजवी आहे का? या ठिकाणी शब्दांपेक्षा पुरावा लागतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे आभासी चलनाविषयीचे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. बँकेला अधिकार नव्हता असे न्यायालय म्हणाले नाही. आपल्या देखरेखीखालील संस्थांना त्या व्यवहारांमुळे काही हानी झाल्याचे बँक दाखवू शकली नाही, हे कारण होते. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर नगरपालिकेने मोजमापे, छायाचित्रे आणि अग्निशामक दलाचे पत्र हाताशी ठेवलेच पाहिजे.

निवृत्त नगरपालिका कर्मचारी

वकीलसाहेबांनी परिच्छेदनिहाय अभिप्रायांविषयी लिहिले ते वाचून मला माझ्याच टेबलावर घडलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोणत्या नगरपालिकेची ते सांगत नाही, आणि त्यात माझाही दोष होता.

आमच्याकडे बाजारातील सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून बसण्यासाठी घेतले जाणारे शुल्क, वाढवण्याचा ठराव झाला. ठरावात एकच ओळ होती: 'वाढता खर्च विचारात घेऊन सोपो दुप्पट करण्यात यावा.' काही विक्रेते न्यायालयात गेले. शुल्क आणि कर यांत फरक आहे, शुल्क घेणाऱ्याने त्या बदल्यात काही सेवा दिली पाहिजे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून मांडलेला आहे. पुढच्या निकालांनी पै-पैच्या हिशोबाची अपेक्षा सैल केली, तरी सर्वसाधारण संबंध दाखवावाच लागतो. आमच्या वकिलांनी फोन करून विचारले, "बाजाराच्या साफसफाईवर, विजेवर आणि पाण्यावर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, त्याचा तक्ता फाईलमध्ये आहे ना?" मी फाईल उघडली. टिपणीची दोन पाने, ठरावाची प्रत आणि सोपोच्या लिलावाची जाहिरात, याखेरीज काही नव्हते. तक्ता नंतर मी स्वतः दोन रात्री बसून केला, परंतु वकिलांनी तो लावण्यास नकार दिला. त्यांचे शब्द मला अजून आठवतात: "हा तक्ता ठरावानंतरचा आहे. नगरसेवकांनी तो पाहिलाच नव्हता, मग तो विचारात घेतला असे मी शपथेवर कसे लिहू देऊ?"

त्या वेळी मला राग आला. पुढे मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील १९७७ चा निकाल कोणीतरी समजावून सांगितला, तेव्हा उमगले. आदेशाची वैधता त्या आदेशात दिलेल्या कारणांवरच तपासली जाते. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून ती सावरता येत नाही. शेवटी आम्ही ठराव मागे घेतला, तक्ता रीतसर सभेपुढे ठेवला, चर्चा इतिवृत्तात नोंदवली आणि नव्याने ठराव केला. दुसऱ्या वेळी कोणी न्यायालयात गेले नाही.

म्हणून आपण आधी फाईल पाहावी. हरकतींच्या नोंदवहीत प्रत्येक हरकतीपुढे तिच्यावर काय निर्णय झाला आणि का, हे लिहिलेले असते किंवा नसते. 'हरकती विचारात घेऊन फेटाळण्यात आल्या' एवढेच असेल, तर वकिलाला त्या वाक्याचा काही उपयोग नाही.

पॅनलवरील माजी वकील

एक भर घालतो, कारण यात नेहमी गोंधळ होतो. गिल प्रकरणातील तत्त्व कारणे देऊन काढलेल्या आदेशांना आणि नोटिसांना जसेच्या तसे लागू होते. उपविधी हा दुय्यम विधिनियम, म्हणजे मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारातून केलेला नियम, असल्याने त्याच्या मजकुरातच कारणे दिलेली असावी लागत नाहीत, आणि तो का केला हे प्रतिज्ञापत्रातून सांगता येते. मात्र ते सांगताना आधारासाठी दाखवलेली सामग्री उपविधी करण्याआधीची आणि संस्थेने पाहिलेली असली, तर तिचे वजन फार वेगळे असते. त्या वकिलांनी तक्ता नाकारला ते योग्यच केले. शपथपत्रावर सही मुख्याधिकाऱ्याची असते आणि खोटे ठरले तर जाब त्यांना द्यावा लागतो.

बाजारात वाढलेली विद्यार्थिनी

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझी आई अशाच एका रस्त्यावर बावीस वर्षे भाजी विकते. प्रश्नकर्त्या काकांनी सांगितलेला प्रसंग वाचून मलाही वाईट वाटले. आमच्या रस्त्यावरही रुग्णवाहिका अडलेली मी पाहिली आहे. तरीही येथे एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम हा संसदेचा कायदा आहे आणि नगरपालिकेचा उपविधी त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हलवता येत नाही, आणि नंतरही स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते असावे लागतात आणि त्यांत एक-तृतीयांश महिला. माझ्या आईला त्या समितीसाठी कोणी कधी विचारलेले नाही.

आईच्या पेटीत रबरबँड लावून ठेवलेला सोपोच्या पावत्यांचा गठ्ठा आहे. सर्वांत जुन्यांची शाई इतकी उडाली आहे की तारीख वाचण्यासाठी कागद उन्हात धरावा लागतो. नगरपालिकेने इतकी वर्षे जिच्याकडून पैसे घेतले तिला एका सकाळी अतिक्रमण म्हणणे कसे चालेल? नगरपालिकेच्या वकिलाने या पावत्यांना काय उत्तर द्यावे, हे मला वकीलसाहेबांकडून खरोखर समजून घ्यायचे आहे.

पॅनलवरील माजी वकील

आपण अगदी योग्य ठिकाणी प्रश्न नेला आहे. सोपोची पावती म्हणजे जागेचा कायमचा हक्क नव्हे, हे उत्तर वकील देऊ शकतो आणि ते कायद्याने बरोबरही आहे. पण पावत्या नाकारणे किंवा त्यांविषयी गप्प राहणे ही चूक ठरेल. विक्रेते तेथे वर्षानुवर्षे होते हे प्रतिज्ञापत्रात स्वच्छ मान्य करावे आणि त्यांचे स्थलांतर २०१४ च्या कायद्यानुसारच होईल असे सांगावे. त्यामुळे उपविधी वाचण्याची शक्यता वाढते, कारण न्यायालयाला तो रद्द न करता त्याचा अर्थ आवळून, म्हणजे मर्यादित करून, घेण्याची वाट मिळते.

ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये हेच झाले. मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३१४ पूर्वसूचनेशिवाय अतिक्रमण काढण्याची मुभा देत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, परंतु ती केवळ मुभा आहे, सामान्यतः नोटीस दिलीच पाहिजे, असे म्हटले. आपल्याकडील ताजे उदाहरण गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमातील, प्रादेशिक आराखड्यातील दुरुस्त्यांविषयीच्या कलम १७(२) चे आहे. मार्च २०२५ मध्ये गोव्यातील खंडपीठाने त्याखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली, कलम मात्र आवळलेल्या अर्थाने राहिले.

ताई, आपल्या आईंना समितीसाठी कोणी विचारले नाही, हे खरे असेल तर ती नगरपालिकेच्या बाजूची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती कोणताही वकील बोलण्याच्या कौशल्याने भरून काढू शकत नाही. पैसे नाहीत, माणसे नाहीत हे उत्तरही चालत नाही. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने तो प्रयत्न करून पाहिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो मानला नाही.

विधी महाविद्यालयातील शिक्षक

मोठ्या शहरांकडे पाहिले तर तुलना उपयोगी पडते. न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा विधी विभाग आहे, त्याच्या प्रमुखाला कॉर्पोरेशन कौन्सेल म्हणतात, आणि शहराच्या नियमांचा बचाव त्याच्या हाताखालील पूर्णवेळ वकील करतात. आपल्या चर्चेला लागू पडणारा त्यांचा एक अनुभव सांगतो. उपाहारगृहांनी पदार्थांच्या यादीवर उष्मांक छापावेत असा नियम तेथील आरोग्य मंडळाने केला. २००७ मध्ये फेडरल न्यायालयाने तो केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. शहराने निकाल नीट वाचला, ज्या शब्दरचनेमुळे अडचण आली ती बदलली, नियम १५ किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना लागू केला आणि पुन्हा खटल्याला सामोरे गेले. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. याउलट, गोड पेयांच्या मोठ्या पेल्यांवर त्याच मंडळाने घातलेली १६ औंसांची मर्यादा २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात टिकली नाही, कारण असा धोरणात्मक निर्णय घेण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. हेतू दोन्हीकडे सार्वजनिक आरोग्याचाच होता. अधिकाराच्या प्रश्नावर चांगला हेतू कामी येत नाही, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो.

खटला चालू असताना नियम बदलण्याचीही सोय असते. बंदुका शहराबाहेर नेण्यावरील निर्बंध न्यूयॉर्कने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना शिथिल केले, आणि २०२० मध्ये मूळ मागणीपुरता वादच उरला नाही असे न्यायालयाने ठरवले. आपल्या वाहनांच्या तरतुदीबाबत नगरपालिकेने हाच विचार आत्ताच करावा, निकालाची वाट पाहू नये.

बाजारपेठेतील रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त साहेबांच्या सूचनेप्रमाणे मी माहिती अधिकाराखाली फाईल पाहण्याचा अर्ज केला आणि काल ती पाहून आलो. हरकती ३१ आहेत. त्यांपैकी दुकानदारांच्या हरकतींवर प्रत्येकी दोन-तीन ओळींचा निर्णय लिहिलेला आहे, विक्रेत्यांच्या हरकतींवर एकत्रित एकच वाक्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार झालेला दिसला नाही. अग्निशामक दलाचे पत्र मात्र आहे, उपविधीच्या आधीच्या तारखेचे, आणि रस्त्याची मोकळी रुंदी कोठे किती उरते हे त्यात मोजून लिहिले आहे. विक्रेता समितीचे इतिवृत्त मला सापडले नाही.

मी त्या दिवशीच्या प्रसंगाविषयी न्यायालयात काही सांगू शकतो का?

पॅनलवरील माजी वकील

हो, हस्तक्षेप अर्ज, म्हणजे चालू प्रकरणात आपले म्हणणे मांडू देण्याची विनंती, करता येतो, आणि आपल्या बाबतीत तो केवळ औपचारिक राहणार नाही. त्यात कायद्याचा युक्तिवाद करू नका, तो वकील करतील. तारीख, वेळ, रुग्णवाहिका कोठे थांबली, रुग्णाला किती अंतर उचलून न्यावे लागले, एवढेच जसे घडले तसे शपथेवर लिहा. अग्निशामक दलाच्या पत्रातील मोजमापांशी ते जुळले, तर निर्बंधाची गरज सिद्ध करणारा तो थेट पुरावा ठरतो.

पर्यायी जागेविषयी मात्र मला काळजी वाटते. कमी जाचक उपाय होता का, या प्रश्नाचे उत्तर त्या जागेवर अवलंबून आहे. ती कशी आहे?

बाजारात वाढलेली विद्यार्थिनी

प्रश्नकर्त्या काकांनी वर्णन केलेल्या बाजारामागील जागेवरून मी कालच जाऊन आले, कारण माझ्या आईची मावशी त्याच बाजारात विक्रीला बसते. छप्पर नाही. नळ एक आहे आणि तो मासळीच्या बाजूला आहे. रस्त्यावरून ती जागा दिसतच नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळणार कसे, हा प्रत्येकीचा पहिला प्रश्न आहे.

बाजारपेठेतील रहिवासी

इतकी वर्षे त्या बाजारात राहून मी ती जागा आतून पाहिलेली नाही, हे कबूल करतो. प्रतिज्ञापत्र दाखल व्हायला अजून नऊ दिवस आहेत. छप्पर, पाणी आणि दिशाफलक यांविषयी, तसेच विक्रेता समितीची बैठक त्याआधी बोलावण्याविषयी, मुख्याधिकाऱ्यांना आजच लेखी कळवतो. ताई, आपल्या त्या आजींची हरकत फाईलमध्ये कितव्या क्रमांकावर आहे ते कळवलेत, तर तिचा उल्लेख त्या पत्रात करीन.